पंगतीतला ग्रीन बेल्ट

मला मोहितला ‘सर’ म्हणायचं नव्हतं. या सगळ्या प्रकाराचं मूळ एवढंच आहे. बाकी आमच्या गल्लीत जे बोललं जातं, की भोजराजभाऊंच्या पोरीचं लग्न मी मोडायला निघालो होतो, त्यावर काडीचा विश्वास ठेवू नका. मी सुधारणा करायला निघालो होतो. आता सुधारणा करताना थोडंफार मोडतं, त्याला माझा इलाज नाही.

मोहित म्हणजे आमच्या बालाघाटच्या मँगनीजच्या कारखान्यातला, क्वालिटी विभागातला पोरगा. पोरगा म्हणतो, कारण तो पहिल्या दिवशी हेल्मेट उलटं घालून आला होता आणि ते याच हातांनी मी सरळ केलं होतं. भट्टीतल्या मालाचा नमुना कसा घ्यायचा, प्रयोगशाळेत कसा द्यायचा, आणि रिपोर्ट वाईट आला तर साहेबांसमोर चेहरा कसा ठेवायचा, हे सगळं त्याला मी शिकवलं. पुढे आमचे विभागप्रमुख रिटायर व्हायला आले. त्या खुर्चीवर माझ्याशिवाय कोण बसणार, असं मी धरूनच चाललो होतो. खुर्चीची गादीसुद्धा मनातल्या मनात बदलून टाकली होती. आणि हेड ऑफिसचा मेल आला. विभागप्रमुखाकडे ‘सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट’चं सर्टिफिकेट असलंच पाहिजे! माझ्याकडे ते नव्हतं. मोहितकडे होतं. पोराने डब्याच्या सुटीत मोबाइलवर बसून ते मिळवलं होतं, आणि मला इतके दिवस वाटत होतं की तो रील्स बघून राहिला आहे.

सिक्स सिग्मा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कुठल्याही कामातल्या चुका मोजायच्या, त्यांचं मूळ कारण शोधायचं, ते उपटायचं, आणि चुका इतक्या कमी करायच्या की दहा लाखांत तीन-चार उरल्या तर उरल्या. वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं. मग आठवलं की कुठल्याही सरकारी खिडकीवरचा बाबू ‘कल आना’ हे दहा लाखांत दहा लाख वेळा न चुकता म्हणतो, आणि त्याने कुठला कोर्स केलेला नसतो. म्हटलं, जमेल आपल्यालाही. फी भरली. दर रविवारी ऑनलाइन क्लास सुरू झाला. शिकवायला बंगळुरूची प्रियंका मॅडम, वयाने माझ्या भाचीएवढी. मी काहीही बोललो की ती ‘एक्सलंट क्वेश्चन, सर’ म्हणायची. माझ्या आयुष्यात माझ्या प्रश्नाला एक्सलंट म्हणणारी ती पहिलीच व्यक्ती, त्यामुळे मी भराभर प्रश्न विचारू लागलो.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बेल्ट म्हटल्यावर निम्म्या लोकांना वाटलं मी कराटे शिकतो आहे, आणि उरलेल्यांना वाटलं माझ्या कमरेत चमक भरली. बैहरकडचा एक वैद्य जंगलातली मुळी देतो, त्याचा फोन नंबर मला तीन घरांतून मिळाला. समोरचे वसंतराव बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. जगातली प्रत्येक परीक्षा त्यांनी दिलेली आहे आणि एकीतही पास झालेले नाहीत, त्यामुळे सल्ला द्यायला त्यांच्याइतका अनुभवी माणूस नाही. ते म्हणाले, “पर्यायवाले प्रश्न असतील तर सरळ ‘क’वर खूण करत जायची. सगळ्यांना वाटतं ‘क’ नसेल, म्हणून तोच असतो.” मी ऐकून घेतलं. शेजाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, त्यांच्याकडे पाण्याची मोटर आहे.

परीक्षा एकवेळ ठीक होती. खरी अडचण निघाली प्रोजेक्टची. नुसता पेपर देऊन बेल्ट मिळत नाही. खरोखरचं एखादं काम निवडून त्यातल्या चुका कमी करून दाखवाव्या लागतात, आणि ज्याचं ते काम, त्याची सही आणावी लागते. मी छाती काढून जीएम साहेबांकडे गेलो. म्हटलं, आपल्या नमुने घेण्याच्या पद्धतीत बऱ्याच चुका आहेत, त्यावर प्रोजेक्ट करतो. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, “त्र्यंबकजी, लिख के देंगे कि गलतियाँ हैं? हेड ऑफिस पूछेगा, इतने साल क्वालिटीवाला क्या कर रहा था? क्वालिटीवाला कौन है?”

मी म्हटलं, “मैं हूँ साहब.”

“तो फिर?”

तेव्हा लेखी स्वरूपात आमच्या कारखान्यात एकही चूक नाही.

मग मी घराकडे वळलो. स्वयंपाकघर हीसुद्धा एक प्रक्रियाच आहे, असं प्रियंका मॅडम म्हणाली होती. ती तिच्या आईसमोर असं म्हणाली असती का, ही शंका मला उशिरा आली. मी मोबाइलमधलं घड्याळ लावून ओट्याशी उभा राहिलो आणि आमच्या आशालताला सांगितलं की कणीक मळताना तू फोनवर बहिणीशी बोलतेस, त्याला आमच्या शास्त्रात ‘अपव्यय’ म्हणतात. आशालताने हातातली कणीक परातीत टाकली. “असं का? मग उद्यापासून पोळ्या तुम्ही करा, मी घड्याळ घेऊन उभी राहते. आणि फोन लावून देते, बोला माझ्या बहिणीशी.” प्रोजेक्ट तिथेच संपला. तिची बहीण कशी बोलते, हे मला ठाऊक आहे.

अशा वेळी भोजराजभाऊ आले. भोजराजभाऊ म्हणजे आमचे भिंतीला भिंत शेजारी. थोडी शेती, थोडं बी-बियाण्याचं दुकान, आणि मन एवढं मोठं की गल्लीतलं कुठलंही कार्य त्यांना स्वतःचं वाटतं. त्यांच्या पौर्णिमाचं लांजीच्या मुलाशी जमलं होतं, आणि साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाकडचे लोक येणार होते.

“त्र्यंबकराव, बफे नाही ठेवून राह्यलो मी,” ते म्हणाले. “पोराचे मोठे काका आहेत ना, महागूजी, ते म्हनते, हातात ताट धरून उभ्यानं कोन जेवते? पंगतच पाह्यजे. पत्रावळीवर. आता पंगत म्हनलं का मले घाम फुटते. वाढनाऱ्याइचं तुमी पाहा. तुमी मॅनेजर मानूस.”

मी मॅनेजर नाही, हेच तर दुखणं होतं. पण ते शब्द कानाला इतके गोड लागले की मी ताबडतोब हो म्हटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पंगत! इतकी जुनी प्रक्रिया, आणि आजवर कोणी मोजलेली नाही!

आधी अभ्यास करायचा, मग सुधारणा, असा नियम आहे. म्हणून वसंतरावांच्या नातवाच्या बारशाची पंगत मी अभ्यासाला घेतली. उष्ट्या पत्रावळी उचलून न्यायच्या ठिकाणी कांदे-बटाटे तोलायचा काटा घेऊन बसलो आणि पानात टाकलेलं अन्न वेगवेगळं तोलू लागलो. भात इतका, भाजी इतकी, जिलेबी तुकडे धरून इतकी. वसंतरावांच्या सुनेने ते पाहिलं आणि कोणी किती टाकलं याचा हिशेब त्र्यंबककाका करून राहिले आहेत, असं आत जाऊन सांगितलं. दुसऱ्या पंगतीला लोकांनी भीतीने पानं चाटूनपुसून ठेवली आणि माझी सगळी आकडेवारी बिघडली. शास्त्राला समाजाची साथ नसते ती ही अशी.

तरी मूळ कारण मला सापडलंच. माणूस ‘बस’ म्हणतो, तरी वाढणारा आणखी एक पळी टाकतो. माणूस पानावर हात आडवा धरतो, तरी वाढणारा बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. ती बुंदी पानात राहते. शिवाय या ‘घ्या हो, एवढं काय’, ‘नको हो’ मध्ये जो वेळ जातो त्यात अर्धी पंगत उठून हात धुवून झाली असती. मी कागदावर माशाच्या काट्यांसारखी आकृती काढली, आमच्यात तशीच काढतात, आणि डोक्याच्या जागी लिहिलं : आग्रह. प्रियंका मॅडमला इतका आनंद झाला की तिने तो कागद सगळ्या वर्गाला दाखवला. “एक्सलंट रूट कॉज, सर! कस्टमर मना कर रहा है, फिर भी आप सप्लाय कर रहे हैं!” ती आयुष्यात कधी पंगतीला बसली आहे का, हे मी तिला विचारायला हवं होतं.

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी मी वाढणाऱ्या मंडळींना रांगेत उभं केलं आणि एकच नियम सांगितला. एकदाच विचारायचं. बस म्हटलं की बस. पुढे सरकायचं. मागे वळून बघायचं नाही.

वसंतरावांच्या हातात बुंदीची बादली होती. ते म्हणाले, “अहो, पण पाहुणा पहिल्यांदा ‘नको’च म्हणतो ना. घरून शिकवून पाठवलेलं असतं.”

“वसंतराव,” मी शांतपणे म्हटलं, “ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो.”

पंगत बसली. मुलाकडचे लोक समोर, मधोमध महागूजी, शेजारी मुलाची आजी तुळसाबाई. पानात एकेक पुरी, वांग्या-आलूची भाजी, वरण, आणि खास चिन्नोर तांदळाचा भात, ज्याचा वास वाड्यावस्त्या ओलांडून जावा. पहिलं वाढप झालं. दुसऱ्या वाढपाला पुरीवाला महागूजींसमोर वाकला. महागूजींनी मान मागे टाकून, डोळे मिटून, घराण्याला शोभेल असा नकार दिला. “बस जी, बस! लय झालं.” आणि डोळे उघडले तर पुरीवाला पुढच्या पानावर. त्यांनी थोडा वेळ त्याच्या पाठीकडे पाहिलं. मग भाजी आली, “बस” म्हणाले, भाजी गेली. भात आला, गेला. तुळसाबाईंनी बुंदीला हात आडवा धरला, तोही पुरेसा उंच आणि बोटं नीट फाकवून, म्हणजे बुंदी पडायला काही अडचण येऊ नये. वसंतराव नियमाला धरून चालत होते. म्हातारीचा हात तसाच हवेत राहिला आणि बादली निघून गेली.

काही गडबड होते आहे, हे मला कळायला हवं होतं. पण मी घड्याळाकडे पाहत होतो, आणि घड्याळ माझ्या बाजूने होतं. पंगत नेहमीच्या निम्म्या वेळात उठली. मी काटा घेऊन पत्रावळी तपासल्या. भाताचं शीत नाही! भाजीचा डाग नाही! टाकलेलं अन्न शून्य! कोणाची तक्रार? एकही नाही. उलट जाताना महागूजी हात जोडून म्हणाले, “जेवन चांगलं झालं.” मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या क्षणी मला माझी खुर्ची दिसत होती, नव्या गादीसकट.

संध्याकाळी भोजराजभाऊ दारात उभे. चेहरा राखेसारखा. गल्लीतल्या कोणीतरी पाहिलं होतं की लांजीवाल्यांच्या गाड्या हट्टा गावाच्या वळणावर थांबल्या होत्या आणि आख्खी सोयरेमंडळी टपरीवर समोसे खात होती. तुळसाबाई गाडीतच बसून दोन्ही हातांनी. आणि मग महागूजींचा फोन आला होता.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हनले, ज्या घरी पाव्हन्याले दुसऱ्यांदा इचारत नाही, त्या घरची पोरगी आमच्या मानसाले काय जेवू घालनार? लग्नाची तारीख मागून पाहू म्हनले. मागून म्हंजे काय जी, त्र्यंबकराव? मागून म्हंजे नाही! काहून असं केलं तुमी? मी का कमी रांधलं होतं? अर्धी बुंदी उरली आहे घरी!”

आता खरं सांगतो. मला फार वाईट वाटलं. पण माझ्या खिशात प्रोजेक्टचा कागद होता, त्यावर काम ज्याचं त्याची सही हवी होती, आणि काम भोजराजभाऊंचं होतं. माझा हात खिशाकडे गेला. आशालताने ते पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की हात तिथेच थांबला.

तेवढ्यात मागून पौर्णिमा आली. ही शाळेत गणित शिकवते, बोलते अर्धं हिंदीत. “काका,” ती म्हणाली, “मुझे वो लड़का पसंद है. तुमची परीक्षा काय असेल ते असेल. पहले मेरी शादी ठीक करो.”

“हौ,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी भोजराजभाऊ आणि मी लांजीला गेलो. वाटेत मी सुधारणेबद्दल एक शब्द काढला नाही. महागूजींच्या अंगणात पाट मांडलेलेच होते. मी हात जोडून सांगायला लागलो की चूक माझी, भाऊंची नाही, हे एक नवीन शास्त्र आहे, त्यात असं...

“बसा ना जी,” महागूजी म्हणाले. “पैले जेवन. मंग शास्त्र.”

आणि तुळसाबाई वाढायला उठल्या, स्वतः. पहिला भात मी आनंदाने खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला मी मनापासून ‘बस’ म्हटलं. भात पडला. हात आडवा धरला, बोटं घट्ट जुळवून. त्यांनी एका हाताने माझं मनगट बाजूला केलं आणि दुसऱ्याने वाढलं. “घे ना बाबू, शहरातला मानूस, घरी कोनी पुसत नसन तुले.” वडे आले. घरच्या तुपाची वाटी आली आणि भातावर रिकामी झाली. मी पान उचलून छातीशी धरलं, तर त्यांच्या सुना दोन्ही बाजूंनी आल्या. महागूजी ओट्यावर बसून बघत होते. “बालाघाटवाले हुशार मानसं,” ते म्हणाले, “एकदा इचारलं का त्याइले समजते. आमी लांजीवाले अडानी, आमाले दहादा इचारल्याशिवाय समजत नाही. वाढ वं माय, अजून ‘बस’ म्हनून राह्यला.”

शेवटी मला पाटावरून उठवायला दोन माणसं लागली. ते पाहून आख्खं अंगण हसलं, तुळसाबाईंनी डोळे पुसले, आणि महागूजींनी पंचांग आणायला सांगितलं. तारीख निघाली. भोजराजभाऊंनी मला मिठी मारली, जी त्या अवस्थेत मारायला नको होती. मग जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी स्वतःहून सही केली.

“वाचत नाही का भाऊ?” मी विचारलं.

“नाही. वाचलं त सही नाही होनार माह्याच्यानं.”

रिपोर्ट पाठवला. मी प्रामाणिक माणूस, समोशांचंही लिहिलं होतं. प्रियंका मॅडमने ते खोडलं. तक्रार पंगतीच्या जागेबाहेर आणि पंगत संपल्यावर आली, म्हणजे ती मोजमापाच्या कक्षेत येत नाही, असं तिचं म्हणणं. कक्षेत काय, तर अपव्यय शून्य, वेळ निम्मा, तक्रारी नाहीत. परीक्षेत मी पास झालो. दोन ठिकाणी ‘क’वर खूण केली होती, दोन्ही उत्तरं बरोबर आली, हे मी वसंतरावांना सांगितलेलं नाही. आणि माझा प्रोजेक्ट त्या तुकडीतला सर्वोत्तम ठरला.

सर्टिफिकेट आलं तेव्हा आशालताने ते देवासमोर ठेवलं, आणि मी ते जीएम साहेबांच्या टेबलावर, सोबत रिपोर्ट. साहेबांनी तो खरोखर वाचला. इतका आवडला की त्यातलं एक वाक्य मोठ्या अक्षरात छापून मीटिंगच्या खोलीत लावलं : ‘एक बार पूछो, आगे बढ़ो.’ खाली माझं नाव. मी रोज काही ना काही निमित्त काढून त्या खोलीत जाऊन यायचो.

विभागप्रमुखांच्या निरोपाचा दिवस उजाडला. सगळा स्टाफ त्याच खोलीत. हारतुरे झाले, भाषणं झाली. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेब उभे राहिले आणि सरळ माझ्याकडे वळून म्हणाले, “त्र्यंबकजी, बेल्ट भी है, अनुभव भी है. विभाग आप सम्भालेंगे?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. आता मला सांगा, चारचौघांत असं विचारल्यावर चांगल्या घरातला माणूस लगेच ‘हो’ म्हणतो का? हावरट दिसतं ते. पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मग समोरचा म्हणतो, अहो असं कसं, तुमच्याशिवाय कोण. मग आपण पुन्हा नको म्हणतो. मग चार जण उठून आपल्याला खुर्चीकडे ढकलतात. माझे वडील याच बालाघाटात असेच हेडक्लार्क झाले होते.

मी हात जोडले, मान मागे टाकली, डोळे अर्धे मिटले. म्हटलं, “अरे नहीं साहब, मैं कहाँ! मोहित जैसे नौजवान हैं...”

“ठीक है,” साहेब म्हणाले. “मोहित, आप?”

“जी सर!” मोहित म्हणाला.

टाळ्या. मी डोळे उघडले तेव्हा टाळ्याच चालल्या होत्या. साहेबांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. “देखा? एक बार पूछा, फैसला हो गया. वरना इसी बात में आधा दिन जाता. थैंक यू, त्र्यंबकजी!” परत टाळ्या, या वेळी माझ्यासाठी. मी उठून वाकून त्या स्वीकारल्या. मनात फक्त तुळसाबाईंचा तो हवेत राहिलेला हात दिसत होता.

बाहेर व्हरांड्यात मोहित पेढ्यांचा डबा घेऊन माझ्याकडे पळत आला. मी म्हटलं, “नको रे, मला गोड चालत नाही.”

“अरे लीजिए ना.”

“नको म्हणतो ना.”

“ऐसे कैसे नको? आपके हाथ का सीखा हूँ, आप नहीं लेंगे तो कौन लेगा?” आणि त्या पोराने माझा आडवा धरलेला हात बाजूला सारला आणि पेढा सरळ माझ्या तोंडात कोंबला. वर आणखी एक. याने माझा रिपोर्ट वाचलेला नाही, हे उघड होतं. आख्ख्या कारखान्यात दुसऱ्यांदा विचारणारा तो एकटाच निघाला, आणि मला राग आणायचा होता तो काही केल्या येईना.

“थँक यू, सर,” मी म्हटलं. तोंड पेढ्यांनी भरलेलं होतं, शब्द नीट फुटला नाही. पण त्याला ऐकू गेला.